लाईन साडेअकराला, झोप कधी?

मागच्या अंकात झोपेवर चार ओळी लिहिल्या, आणि पोस्टमननं पत्रांचा गठ्ठाच आणून टाकला. त्यातली वेळ बदलण्याशी संबंधित असलेली पाच पत्रं या वेळी घेते. बाकीच्यांनी रागावू नये. मूळव्याधीची सगळी पत्रं एकत्र करून पुढच्या महिन्यात उत्तर देईन.

प्रश्न : डॉक्टरताई, मुलगा न्यू जर्सीला असतो. ऑफिसला निघण्याआधी, तिकडच्या सकाळी आठला, तो रोज व्हिडिओ कॉल करतो. उन्हाळा-पावसाळा तो कॉल आमच्याकडे संध्याकाळी साडेपाचला येतो. दिवाळीच्या आगेमागे एकदम साडेसहाला यायला लागतो, म्हणजे नेमका माझ्या दिवाबत्तीच्या वेळी. म्हणतो, 'आई, आम्ही घड्याळ मागं केलं.' आता मार्चमध्ये हे त्याच्याकडे पाच महिन्यांसाठी जाणार आहेत. दोन वर्षांपूर्वी यांची बायपास झाली. शेजारचे मास्तर सांगतात की, तिकडं घड्याळ बदललं की हार्ट अटॅक वाढतात. हे खरं का? आणि गोळ्यांच्या वेळांचं काय करायचं? (एक वाचक, वरुड)

उत्तर : ताई, मास्तर खोटं बोलले नाहीत, पण अर्धंच बोलले. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्री दोनला घड्याळ एक तास पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं आणतात. युरोपात हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. घड्याळ पुढं गेलं की त्या रात्रीची झोप कापली जाते, आणि सोमवारी कामावर मात्र वेळेवर हजर व्हावंच लागतं. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी बऱ्याच वर्षांच्या नोंदी तपासून २००८ साली दाखवलं, की वसंतातल्या या बदलानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके साधारण ५ टक्क्यांनी वाढतात. म्हणजे एरवीच्या आठवड्यात शंभर जणांना झटका येत असेल, तर त्या आठवड्यात एकशे पाच जणांना. देशाच्या हिशेबात हा आकडा मोठा आहे. तुमच्या घरातल्या एका माणसाच्या हिशेबात तो इतका लहान आहे, की त्यासाठी विमानाची तारीख बदलू नका. तिकीट ज्या दिवशी स्वस्त मिळेल, त्या दिवशी जाऊ द्या.

खरी काळजी एका तासाची नाही, साडेनऊ-साडेदहा तासांची आहे. उतरल्यावर तिकडं दुपार असेल आणि यांच्या अंगात मध्यरात्र. चार-आठ दिवस झोप उलटसुलट होणारच. तिकडं पोचल्यावर दिवसा उजेडात बाहेर फिरायचं, दुपारी अर्ध्या तासाच्या वर लवंडायचं नाही, आणि पहिला आठवडा नातवासोबत जागायचं नाही.

गोळ्यांसाठी सोपा उपाय सांगते. प्रवासात यांच्या मनगटावरचं घड्याळ आपल्याच वेळेवर राहू द्या आणि गोळ्या त्या घड्याळानं घेऊ द्या. पोचल्यावर रोज दोन-तीन तास सरकवत तिकडच्या सकाळवर आणा. 'चुकली असेल' म्हणून दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणारं वॉरफरिन सुरू असेल, तर माझ्या उत्तरावर जाऊ नका. बायपास केलेल्या डॉक्टरांकडून वेळापत्रक कागदावर लिहून घ्या. विमानात दर दीड-दोन तासांनी उठून चालायला सांगा. गोळ्यांची पिशवी हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या पेटीत नाही.

आणि तुमचा साडेपाचचा कॉल मार्चच्या मध्यावर परत साडेपाचला येईल. मुलानं काही बदललेलं नसतं, त्याचे आठ तेच असतात.

प्रश्न : माझे आजोबा सांगायचे, की लढाईच्या काळात आपल्याकडंही घड्याळं पुढं केली होती आणि लोक 'जुना टाइम की नवा टाइम' असं विचारायचे. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, पण पुस्तकात हे सापडलं नाही. हे खरं आहे का? आणि आता पुन्हा तसं केलं तर वीज वाचणार नाही का? (एक विद्यार्थी, पुसद)

उत्तर : आजोबांचं बरोबर आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, भारताचं घड्याळ एक तास पुढं होतं. मुळात ही कल्पना अमलात आणली जर्मनीनं, १९१६ साली, पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवायला. पाठोपाठ इंग्लंडनं. पुष्कळांना वाटतं, की हे शेतकऱ्यांच्या सोयीसाठी काढलं. उलट अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनीच याला कडाडून विरोध केला, आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून तिथल्या काँग्रेसनं १९१९ मध्ये तो कायदा रद्द केला होता. दव वाळल्याशिवाय गवत कापता येत नाही आणि गाय घड्याळ बघून पान्हवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

आता आपल्याकडचं. न्यू जर्सीत जूनमधला दिवस पंधरा तासांचा आणि डिसेंबरमधला सव्वानऊ तासांचा असतो. नागपुरात तो सव्वातेराच्या जरा वर आणि अकराच्या जरा आत. त्यांचा फरक सहा तासांच्या आसपास, आपला अडीच. एवढ्याशा फरकासाठी घड्याळाशी खेळण्यात अर्थ नाही. शिवाय भारताची वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर बांधलेली आहे. तिथून पश्चिमेला दर अंशाला सूर्य चार मिनिटं मागं. म्हणजे आमच्या दारव्ह्यात सूर्य डोक्यावर येतो तोच घड्याळात बारा वाजून वीसेक मिनिटं झाल्यावर, बुलढाण्यात आणखी पाच-सहा मिनिटांनी. त्यात उन्हाळ्यात घड्याळ आणखी तासभर पुढं केलं, तर मे महिन्यात सूर्य मावळेल आठ वाजता. थंड मुलखातल्या माणसाला संध्याकाळचं जास्तीचं ऊन हवं असतं. विदर्भात मे महिन्यात संध्याकाळी एक तास जास्त ऊन मागणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

प्रश्न : मॅडम, मी ४१ वर्षांचा. पाच एकर ओलित आहे, यंदा चणा आणि गहू. आमच्या फीडरवर (गावाकडं येणाऱ्या वीजवाहिनीवर) थ्री फेज लाईन पाळीपाळीनं असते. एक आठवडा दिवसा, पुढचा आठवडा रात्री साडेअकरा ते सकाळी साडेसात. रातच्या आठवड्यात स्प्रिंकलरचे पाइप बदलायला दोनदा तरी उठावंच लागते. सकाळी घरी आलो की झोप येत नाही आणि दुपारी बसल्या जागी डोळा लागतो. छातीत जळजळ, डोकं जड. जागं राहायसाठी खर्रा वाढला. बायको म्हणते, 'तुमी आजकाल लेकरायवर लय खेकसता.' हा काही आजार आहे का वय झालं? आणि मोटरला ऑटो (लाईन आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच) बसवला तर फरक पडेल का? (एक शेतकरी, दिग्रस तालुका)

उत्तर : भाऊ, वय झालेलं नाही, आणि आजारही अजून नाही. पण हे असंच चार-पाच वर्षं चाललं तर होईल.

वरच्या पत्रातली अमेरिका बघा. तिथं घड्याळ वर्षातून दोनदा, फक्त एका तासानं हलतं. वसंतात ते पुढं गेलं की त्या आठवड्यात रस्त्यावरचे जीवघेणे अपघात सुमारे ६ टक्क्यांनी वाढतात, असं त्यांच्याच अपघातांच्या नोंदींवरून निघालं. झोपेच्या डॉक्टरांच्या तिथल्या संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं, की ही उलटापालट बंद करा आणि वर्षभर सूर्याला धरून असलेली वेळच ठेवा. युरोपच्या संसदेनं २०१९ मध्ये ती थांबवण्याच्या बाजूनं मत दिलं, अंमल अजून रखडलाय. मेक्सिकोनं २०२२ मध्ये बहुतेक देशात ती बंदच करून टाकली. एका तासासाठी एवढं सगळं. तुमचं घड्याळ दर आठवड्याला अख्ख्या रात्रीनं फिरतं, आणि त्याला आपल्याकडं 'वेळापत्रक' म्हणतात.

अंगात काय होतं ते सांगते. डोळ्यांच्या मागं, मेंदूच्या बुडाशी, तांदळाच्या कणीएवढे दोन पुंजके असतात. शरीराचं मुख्य घड्याळ तेच. रोज सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते जुळतं. पण घड्याळ तेवढंच नसतं. जठर, यकृत, स्वादुपिंड यांच्या पेशींतही आपापलं घड्याळ चालतं. हे पेशींतलं घड्याळ चालतं कसं, ते फळमाशीवर शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. मुख्य घड्याळ दिवसाला जेमतेम तासाभरानं सरकू शकतं. तुमच्या रातच्या आठवड्यात ते सरकत सरकत कुठं अर्ध्या वाटेवर येतं, तोवर सोमवार उजाडतो आणि लाईन दिवसाची होते. म्हणून तुम्ही ना धड रात्रीचे, ना दिवसाचे. रात्री दोनला पोटभर जेवलात तर जठर त्या कामाला तयार नसतं, म्हणून जळजळ. जेवण तेच असलं तरी रात्री खाल्लं की रक्तातली साखर जास्त चढते. खेकसणं हे अपुऱ्या झोपेचं अगदी पहिलं लक्षण आहे. घरच्यांना ते आपल्याआधी दिसतं.

तेव्हा शरीर पूर्ण उलटं फिरवण्याचा प्रयत्नच करू नका. दोन्ही आठवड्यांत झोपेचा एक तुकडा एकाच वेळेला ठेवा. दिवसाच्या आठवड्यात तुम्ही आठ-साडेआठला पडत असाल, तर रातच्या आठवड्यातही साडेसातला जेवून आठला पडा, आणि लाईन यायच्या पंधरा मिनिटं आधी उठा. हे तीन-साडेतीन तास कुणालाही देऊ नका, मोबाईलला तर नाहीच. गजर लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उरलेली झोप सकाळी घ्या, आठ ते साडेअकरा. झोप दोन तुकड्यांत झाली तरी चालते, बेरीज सातच्या आसपास आली पाहिजे.

सकाळी झोप न येण्याची दोन कारणं तुमच्या पत्रातच आहेत. एक म्हणजे, साडेसातला मोटर बंद करून घरी निघता तेव्हा कोवळं ऊन थेट डोळ्यांत जातं आणि मेंदूला वाटतं दिवस सुरू झाला. डोक्याचा दुपट्टा कपाळावर खाली ओढून या, घरी आल्यावर मागच्या अंधाऱ्या खोलीत पडा, खिडकीवर घोंगडी टाका, आणि अंगणात कुणी ट्रॅक्टर सुरू करणार नाही असं घरात बजावून ठेवा. दुसरं कारण म्हणजे खर्रा. पन्नीत घोटलेल्या त्या पुडीत झोप उडवणारी तंबाखूच असते. पहाटे पाचला बार भरलात, तर आठला झोप कुठून येणार? खर्ऱ्यानं जळजळही वाढते. आणि तोंड उघडणंही कमी होतं, म्हणून आज एक काम करा. आपली तीन बोटं एकावर एक धरून तोंडात उभी जातात का बघा. जात नसतील, तर याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडं जायचं. जागं राहायला चहा घ्या, पण रात्री दोनच्या आत. त्यानंतर नाही. भूक लागली तर अर्धी भाकर खा. फोडणीचा भात आणि ठेचा सकाळसाठी ठेवा. आणि आरोग्य उपकेंद्रात तिशीच्या वरच्यांची साखर आणि बीपी फुकट तपासतात, तिथं एकदा जाऊन या.

ऑटोबद्दल. हे माझं खातं नाही, पण आमच्या वावरातली मोटर माझे दीर बघतात, त्यांना विचारून लिहिते. ऑटोनं साडेअकराचं उठणं वाचतं, पाइप बदलायचं उठणं वाचत नाही. लाईन येताच साऱ्यांच्या मोटरी एकाच क्षणी उचलल्या की दाब पडून डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळते, आणि जळालेली डीपी बदलून येईपर्यंत चणा सुकतो. म्हणून ऑटो बसवायचा तर थोडा उशिरानं चालू होणारा टायमर लावा, कपॅसिटर लावा, आणि एका डीपीवरच्या सगळ्यांनी मिनिटं वाटून घ्या. पण याच्यावर खरा उपाय दिवसाची लाईन हाच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला आहे. तुमचा फीडर त्यात आहे का, आणि असल्यास काम कुठवर आलंय, हे ग्रामसभेत लेखी विचारा. डॉक्टर म्हणून सांगते, दिवसाची वीज ही आरोग्याची मागणी आहे. पाहिजे तर निवेदनावर माझी सही घ्या.

तोवर रात्रीचं. पहाटे तीन ते पाच या वेळेत मेंदू सगळ्यात सुस्त असतो, आणि नेमका तेव्हाच तुमचा दुसरा फेरा होतो. स्प्रिंकलरचा पाइप उचलण्याआधी काठीनं ठोका, बॅटरी मारून दोन्ही बाजू बघा, मगच हात घाला. पायात गमबूट हवेतच. ओल्या हातानं, अनवाणी पायानं स्टार्टरच्या पेटीला हात लावायचा नाही. पेटीसमोर कोरडी लाकडी फळी टाकून ठेवा. रानडुकरांसाठी धुऱ्यावर कुणी तारेत करंट सोडत असेल, तर भिडेखातर गप्प बसू नका. त्या तारेनं डुकरं मरतात तशी माणसंही मेली आहेत. दोन फेऱ्यांच्या मधे पडायचं असेल तर बाजेवर, मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचून. जमिनीवर नाही. मण्यार रात्रीच हिंडते. ती चावली तर सूज नाही, फारसं दुखत नाही, कित्येकदा माणसाला कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होऊन खाली येतात. 'रातभर जागला म्हणून डोळे मिटतायत' असं घरचे म्हणतात, आणि तिथंच उशीर होतो. ओलितावरून आलेल्या माणसाच्या पापण्या उचलेनाशा झाल्या, तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं ग्रामीण रुग्णालय गाठा. मांत्रिक नको, ब्लेड नको, दोरी बांधणं नको.

आणि डोळा लागतोय असं वाटलं की मोटारसायकलला किक मारायची नाही. वावरातच बाजेवर वीस मिनिटं पडा, मग निघा.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की तिला साडेपाचला उठवावं लागतं. आमचं घर टिनाचं आहे. रात्री बारापर्यंत आतमधे भट्टी, त्यामुळे ती झोपतच नाही. बाई म्हणतात, वर्गात पेंगते. शाळेची वेळ बदलायला सांगू का? (एक आई, राळेगाव)

उत्तर : सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते. तुमच्या मुलीला साडेपाचच मिळतायत, मग ती पेंगणारच. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं. आठ महिन्यांसाठी ते मला पटतं. पण एप्रिलमध्ये आपल्याकडं नऊला शाळा भरवली तर मुलं भर दुपारी घरी येतील, आणि पारा पंचेचाळिसाकडं जात असताना मी तरी त्याला होकार देणार नाही. उन्हाळ्यात सकाळचीच शाळा बरी.

म्हणून झोप दुसरीकडून मिळवा. शाळेतून आली की आंघोळ, जेवण, आणि एक ते तीन घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात झोप. मोठी माणसं ओसरीवर गप्पा मारत असतील तर त्यांना उठवा. अंग थंड झाल्याशिवाय झोप लागत नाही. तेव्हा संध्याकाळी सहाला टिनावर पाणी मारा (पाणी असेल तर, मला ठाऊक आहे एप्रिलमध्ये ते कुठून आणायचं), साडेआठला तिला पुन्हा आंघोळ घाला आणि अंगणात बाजेवर मच्छरदाणीत झोपवा. सकाळची शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधीपासून उठायची वेळ रोज पंधरा मिनिटं अलीकडं आणा, एकदम दीड तास नको. जूनच्या शेवटी आपल्याकडं शाळा उघडते तेव्हाही हेच, उलट्या दिशेनं.

प्रश्न : वय ७१. थंडीत रात्री आठला झोपतो, साडेतीनलाच टक्क जाग येते. लघवीला जाऊन आलो की मग झोप नाही. झोपेची गोळी लिहून द्या. (एक आजोबा, आर्वी)

उत्तर : बाबा, आठ ते साडेतीन म्हणजे साडेसात तास झाले. तुमची झोप पुरी झाली आहे, गोळी कशासाठी? पाहिजे तर रात्री साडेनऊपर्यंत दिव्याच्या उजेडात बसा, भजनाला जा, जाग आपोआप पाचकडं सरकेल. उठल्या उठल्या थंड पाण्यानं आंघोळ करू नका, पहाटे बीपी तसाही चढत असतो. अंगावर शाल घेतल्याशिवाय बाहेर जाऊ नका. आणि लघवीला रात्रीतून एकदा उठता की चारदा, ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोनपेक्षा जास्त वेळा उठत असाल, तर साखर आणि प्रोस्टेट तपासून घ्या, आणि रिपोर्टची झेरॉक्स मला पाठवा.